जुन्या तारांवर नवा दूरध्वनी

भारतातील पहिली दूरध्वनी केंद्रे २८ जानेवारी १८८२ रोजी तत्कालीन कलकत्ता, मुंबई आणि मद्रास या शहरांत सुरू झाली. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे दूरध्वनीच्या रचनेतील एक गोष्ट बदलली नाही. केंद्रापासून ग्राहकाच्या घरापर्यंत तांब्याच्या तारांची एक जोडी यावयाची आणि त्या जोडीवरच सारा व्यवहार चालावयाचा. ही जोडी आता निवृत्तीच्या मार्गावर आहे. तिच्या जागी घरोघर प्रकाशतंतू, म्हणजेच ऑप्टिकल फायबर, येऊ लागला आहे. तंत्रज्ञ येतो, दिवाणखान्याच्या भिंतीवर एक पेटी बसवितो, तिच्या मागील फोनच्या छिद्रात घरातील जुना संच जोडतो, डायल टोन ऐकवितो आणि सही घेऊन निघून जातो. शयनगृहातील आणि स्वयंपाकघराजवळील संच त्या क्षणापासून मुके झाले आहेत, हे बहुधा रात्री लक्षात येते.

ज्या घरात प्रत्येकाच्या हाती मोबाइल आहे, तेथे यावाचून काही अडत नाही. परंतु बँकेच्या ज्येष्ठ ग्राहकांत अशी अनेक कुटुंबे आहेत, जेथे घरी दोनच वृद्ध माणसे असतात आणि मुले बंगळुरू, पुणे किंवा परदेशी असतात. मोबाइलचे चार्जिंग राहून जाते, त्याची बारीक अक्षरे दिसत नाहीत, आणि पडल्या-धडपडल्याच्या वेळी तो नेमका दुसऱ्या खोलीत असतो. अशा घरी पलंगाशेजारचा, मोठ्या बटणांचा, भिंतीला बांधलेला दूरध्वनी ही चैन नसते. तो पुन्हा बोलका करण्यासाठी नव्या तारा ओढाव्या लागत नाहीत. भिंतीत आहेत त्याच तारांवर इंटरनेट दूरध्वनी चालू शकतो. मात्र त्यासाठी काही गोष्टी विशिष्ट क्रमानेच कराव्या लागतात, आणि क्रम चुकला तर नवी पेटी निकामी होण्याचा संभव असतो.

प्रथम हा दूरध्वनी चालतो कसा, ते पाहावे. फायबरच्या पेटीत, किंवा अन्य ब्रॉडबँडवर स्वतंत्र जोडलेल्या अॅडॅप्टरमध्ये, एक प्रकारचे छोटे दूरध्वनी केंद्रच दडलेले असते. ते संचाला केंद्रासारखाच सुमारे ४८ व्होल्टचा एकदिश विद्युतदाब पुरविते, डायल टोन देते, घंटी वाजविते. त्यामुळे जुन्या संचाला आपला मालक बदलल्याचे कळतही नाही. बोलणाऱ्याचा आवाज ही पेटी सेकंदाला ८,००० वेळा मोजते, प्रत्येक मोजणी ८ बिटांत लिहिते आणि त्यांची लहान लहान पुडकी करून इंटरनेटवरून रवाना करते. म्हणजे सेकंदाला ६४,००० बिट केवळ आवाजाचे झाले. साधारणतः दर सेकंदास अशी ५० पुडकी निघतात व प्रत्येकावर पत्त्याचे ४० बाइट चढतात. सारे मिळून एका दिशेने सेकंदाला ८०,००० बिट होतात. दोन्ही दिशांचा हिशोब धरला, तर मिनिटाला १.२ मेगाबाइट आणि तासभराच्या गप्पांना सुमारे ७२ मेगाबाइट लागतात. आजच्या कोणत्याही फायबर जोडणीला हा भार नगण्य आहे.

तेव्हा आवाज तुटत असेल, तर त्याचे कारण वेग क्वचितच असते. कारण असते विलंब. पुडके या टोकाकडून त्या टोकाला पोहोचण्यास १५० मिलिसेकंदांहून अधिक वेळ लागू नये, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. त्यापलीकडे दोघे एकाच वेळी बोलू लागतात आणि दोघेही थांबतात. विलंब थोडा पण स्थिर असला, तर कान त्याला सरावतो. तो क्षणोक्षणी बदलू लागला की शब्द गाळले जातात. घरात चित्रपट चालू असताना किंवा संगणकावरून मोठी फाइल वर चढत असताना असे होते. बऱ्याच राउटरमध्ये आवाजाच्या पुडक्यांना अग्रक्रम देण्याची सोय असते. ती चालू करून देण्यास तंत्रज्ञास जरूर सांगावे.

कायद्याच्या बाजूने ही सेवा भारतात टप्प्याटप्प्याने खुली झाली. सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाले. इंटरनेट दूरध्वनीस परवानगी मिळाली ती १ एप्रिल २००२ पासून, आणि तीही मर्यादित. संगणकावरून संगणकाशी किंवा परदेशातील दूरध्वनीशी बोलता येई, पण देशातील सामान्य दूरध्वनीला ही सेवा जोडता येत नसे. ती भिंत २०१८ मध्ये दूर झाली. परवानाधारक दूरध्वनी कंपन्यांना इंटरनेटवरून सामान्य क्रमांकाशी जोडणारी सेवा देण्याचा मार्ग स्पष्ट झाला आणि त्याच वर्षी भारत संचार निगमने ‘विंग्ज’ या नावाने अशी सेवा जाहीर केली. फायबरबरोबर मिळणारा आजचा स्थिर दूरध्वनी हाही आतून इंटरनेट तंत्रावरच चालतो.

आधी तोडणे, मग जोडणे

आता मूळ विषय. जुन्या घरातील दूरध्वनीच्या तारांचा मार्ग साधारणतः असा असतो: इमारतीच्या जिन्यातील किंवा रस्त्यावरील खांबावरील डी.पी.च्या पेटीतून एक ड्रॉप वायर घरात येते. ती दाराजवळ किंवा खिडकीजवळ रोझेट नावाच्या चौकोनी पांढऱ्या डबीत संपते. त्या डबीतून पुढे घरातील तार निघते आणि एकामागून एक खोल्यांतील सॉकेटपर्यंत जाते. सारे सॉकेट पॅरलल, म्हणजे एकाच जोडीवर टांगलेले. क्वचित प्रत्येक खोलीची तार स्वतंत्रपणे पहिल्या डबीपर्यंत आणलेली असते. कोणत्याही रचनेत ही पहिली डबीच महत्त्वाची, कारण बाहेरचे जग आणि घर यांची सीमा तेथे आहे.

या सीमेवर बाहेरून येणाऱ्या दोन्ही तारा सोडविणे, हे पहिले काम. एक नव्हे, दोन्ही. बाहेरची जोडी अजून केंद्राला जोडलेली असेल, तर तिच्यावर ४८ व्होल्ट दाब असतो आणि घंटीच्या वेळी सुमारे ७५ व्होल्टचा प्रत्यावर्ती दाब येतो. नव्या पेटीतून निघणारा दाब आणि हा दाब एकाच तारेवर समोरासमोर आले, तर पेटीचे फोनचे छिद्र कायमचे बंद पडू शकते. जुनी सेवा बंद झाली आहे, तेव्हा तारा मृतच असणार, असे गृहीत धरू नये. दुसऱ्या कुणासाठी ती जोडी केंद्रात पुन्हा चालू होऊ शकते. शिवाय खांबावरून उघड्यावर लोंबत येणारी तार पावसाळ्यात विजेचा झटका थेट घरात आणते. सोडविलेल्या दोन्ही टोकांना वेगवेगळी इन्सुलेशन टेप गुंडाळावी आणि डबीच्या आत ‘बाहेरची तार, जोडू नये’ अशी चिठ्ठी ठेवावी. चार वर्षांनी येणाऱ्या रंगाऱ्याला अथवा इलेक्ट्रिशियनला ती उपयोगी पडते.

तार बाहेरच्या कंपनीची मालमत्ता असल्याने जुनी जोडणी अद्याप चालू असलेल्या ग्राहकाने हे काम स्वतः न करता कंपनीच्या लाइनमनकडून करवून घ्यावे, हे उत्तम. या लाइनमन मंडळींविषयी येथे एक शब्द लिहिणे अस्थानी होणार नाही. भर पावसात शिडी खांद्यावर घेऊन फिरणारा लाइनमन डबी उघडण्यापूर्वीच, नुसत्या खरखरीवरून, दोष खांबावर आहे की घरात, ते सांगत असे. नव्या व्यवस्थेत कंपनीची जबाबदारी पेटीपाशी संपते. घरातील तारांतील खरखर यापुढे घरमालकाची स्वतःची असते, हे ध्यानी घेऊनच या कामास हात घालावा.

तारा सोडविल्यावर खात्री करून घ्यावी. घरातील कोणत्याही सॉकेटला एक संच लावून रिसीव्हर उचलावा. संपूर्ण शांतता हवी. बारीकशी गुणगुण किंवा टोन ऐकू आला, तर कोठेतरी बाहेरची जोडी अजून लागलेली आहे. मल्टिमीटर असल्यास एकदिश दाबाचे वाचन शून्य यावे. गृहनिर्माण संस्थेचा इंटरकॉम असलेल्या इमारतीत विशेष सावधगिरी हवी, कारण इंटरकॉमची जोडी अनेकदा त्याच केबलमधून आणि कधी त्याच डबीतून जाते. ती ओळखून बाजूला ठेवावी.

पूर्वी तांब्याच्या तारेवर ब्रॉडबँड घेतलेल्या घरांत स्प्लिटर नावाची लहान डबी असते. आवाज आणि इंटरनेट वेगळे करणे हे तिचे काम होते. आता ते काम उरले नाही. स्प्लिटर आणि जुना मोडेम दोन्ही काढून टाकावेत, तार सरळ जोडावी.

यानंतरचे काम पाच मिनिटांचे आहे. नव्या पेटीचा विद्युतपुरवठा बंद करावा. पेटीच्या फोनच्या छिद्रातून एक साधी टेलिफोन कॉर्ड जवळच्या भिंतीवरील सॉकेटमध्ये लावावी. एरवी सॉकेटमधून संचाकडे जाणारा प्रवाह आता उलट दिशेने, पेटीतून सॉकेटमध्ये आणि तेथून साऱ्या घरात जातो. तारांना दिशेचे बंधन नसल्याने सर्व खोल्यांतील सॉकेट एकाच वेळी जिवंत होतात. पुरवठा सुरू करून पेटीवरील फोनचा दिवा स्थिर होण्याची वाट पाहावी आणि मग खोलीखोलीत जाऊन टोन ऐकावा. पेटीजवळही एक संच हवा असल्यास एका छिद्राची दोन करणारा लहानसा जोड बाजारात मिळतो.

येथे एक चूक वारंवार घडते. टेलिफोनची लहान पिन संगणकाच्या जाळ्याच्या रुंद छिद्रातही बसते. दिसण्यात सारे ठीक असते, टोन मात्र येत नाही. उलट, टेलिफोनच्या तारेवरील घंटीचा दाब संगणकाच्या किंवा राउटरच्या छिद्रात शिरला, तर ते छिद्र जळू शकते. म्हणून छिद्रावरील चित्र किंवा अक्षरे वाचूनच पिन घालावी.

टोन आला, पण घंटी क्षीण वाजते किंवा एखादा संच वाजतच नाही, असेही होते. जुने केंद्र सशक्त होते; घरातील पेटी तितकी नसते. तिची एकूण शक्ती सामान्यतः तीन ते पाच प्रमाणित घंट्या वाजविण्याइतकी असते आणि लोखंडी वाटीची घंटा असलेला जुना संच एकटाच एका घंटीची शक्ती घेतो. इलेक्ट्रॉनिक घंटीचे संच पुष्कळ कमी घेतात. तीन खोल्यांत तीन नवे संच सहज चालतात. वडिलोपार्जित काळे वजनदार संच दोन-तीन असतील, तर एकावर समाधान मानावे. फिरत्या चकतीच्या संचावर आणखी एक मर्यादा येते. त्यावरून आलेला फोन घेता येतो, बोलता येते, परंतु अनेक पेट्यांना चकतीची भाषा समजत नाही आणि क्रमांक लागत नाही. असा संच शोभेसाठी तसेच घंटीसाठी ठेवून शेजारी बटणांचा संच ठेवावा.

बटणांच्या संचावरही ‘पल्स’ आणि ‘टोन’ अशी एक कळ असते. ती टोनवर हवी. बँकेच्या ग्राहकांना याचे महत्त्व विशेष आहे. फोन बँकिंगमध्ये भाषेसाठी अमुक दाबा, शिल्लक जाणून घेण्यासाठी तमुक दाबा, हे सारे टोनवर चालते. कळ टोनवर असूनही समोरची यंत्रणा दाबलेले आकडे घेत नसेल, किंवा एक आकडा दोनदा उमटत असेल, तर दोष संचात नाही. पेटी आकड्यांचे सूर आवाजात मिसळून पाठविते की वेगळ्या संदेशाने, ही तिच्यातील एक मांडणी आहे आणि ती कंपनीच्या तंत्रज्ञाने बदलून द्यावयाची असते. तक्रार करताना ‘फोन खराब आहे’ असे न सांगता ‘डीटीएमएफ पोहोचत नाही’ असे सांगितले, तर काम लवकर होते. फॅक्स यंत्रे या दूरध्वनीवर बेभरवशाची ठरतात. ज्या शाखांत अथवा कार्यालयांत ती अजून आहेत, त्यांनी आधी चाचणी घ्यावी.

खरखर ऐकू येत असल्यास दोष शोधण्याची रीत सोपी आहे. घरातील साऱ्या तारा पेटीपासून सोडवाव्यात आणि एक संच थेट पेटीला लावावा. आवाज स्वच्छ असेल, तर दोष भिंतीतील तारांत आहे. मग एकेक खोली जोडीत जावे. जिच्या जोडणीबरोबर खरखर परत येईल, तेथील सॉकेट उघडावे. कोकण, गोवा किंवा किनाऱ्यावरील कोणत्याही शहरात तांब्याच्या टोकावर हिरवट थर चढलेला बहुधा सापडतो. टोक कापून, नवे सोलून, पुन्हा आवळले की काम होते. तार मध्येच कोठे तरी, भिंतीत, तुटली असेल तर मात्र तिच्या मागे लागण्यात अर्थ नाही. अशा वेळी पेटीपाशी कॉर्डलेस संच बसवून त्याचा दुसरा हँडसेट शयनगृहात ठेवणे अधिक व्यवहार्य ठरते.

वीज गेल्यावर काय?

जुन्या आणि नव्या दूरध्वनीतील खरा फरक येथे आहे. तांब्याच्या तारेवरील साधा संच दूरध्वनी केंद्रातील बॅटरीवर चाले. महाराष्ट्रातील भारनियमनाची वर्षे ज्यांना आठवतात, त्यांना काळोख्या घरातही चालू असलेला दूरध्वनी आठवत असेल. फायबर वीज वाहून आणत नाही. घरातील वीज गेली की पेटी बंद आणि पेटीबरोबर साऱ्या खोल्यांतील संच बंद. म्हणून या व्यवस्थेत पेटीला स्वतंत्र बॅटरीचा आधार देणे हा खर्च ऐच्छिक मानू नये. घरी इन्व्हर्टर असेल, तर पेटीचा प्लग इन्व्हर्टरच्या वर्तुळातील सॉकेटवर आहे ना, एवढेच पाहावे. नसेल, तर राउटरसाठी मिळणारा लहान यूपीएस घ्यावा. घेताना पेटीच्या अॅडॅप्टरवरील व्होल्ट आणि अँपिअर यांचे आकडे यूपीएसशी ताडून पाहावेत; व्होल्ट तंतोतंत तेवढेच हवेत, अँपिअर अधिक चालतात. फायबरची पेटी आणि राउटर वेगवेगळे असतील, तर आधार दोघांनाही हवा.

खर्चाचा विचार करता पेटीला सरासरी १० वॅट वीज लागते असे धरू. दिवसाचे २४ तास आणि महिन्याचे ३० दिवस या हिशोबाने महिन्याला ७.२ युनिट होतात. युनिटला ८ रुपये दर धरला, तर मासिक ५७ रुपये ६० पैसे. दूरध्वनीच्या देयकात न दिसणारा हा खर्च विजेच्या देयकात दिसतो, इतकेच. वीज वाचविण्यासाठी रात्री पेटी बंद करण्याची काही घरांतील पद्धत मात्र सोडून द्यावी. रात्रीच दूरध्वनीची गरज अधिक असते.

वीज बंद करून एकदा प्रत्यक्ष चाचणी घ्यावी. मुख्य स्विच बंद करावा, शयनगृहातील संचावरून एखाद्या नातेवाइकास फोन लावावा आणि बॅटरी किती वेळ टिकते, ते घड्याळ लावून पाहावे. तो आकडा संचाशेजारी लिहून ठेवावा. त्याच कागदावर ११२ हा आपत्कालीन क्रमांक, कुटुंबाच्या डॉक्टरांचा क्रमांक आणि घराचा पूर्ण पत्ता मोठ्या अक्षरांत लिहावा. पत्ता कशासाठी, असा प्रश्न पडेल. घाबरलेल्या माणसाला स्वतःचा पत्ता सांगता येत नाही, आणि रात्री मदतीस आलेल्या शेजाऱ्याला तो पिनकोडसह ठाऊक नसतो.

सुरक्षा आणि बँकेतील नोंदी

पेटीचा मूळ पासवर्ड बदलून घ्यावा. तो बहुतेक वेळा पेटीच्या पाठीवर छापलेला असतो. बाहेरच्या कुणाच्या हाती दूरध्वनीच्या खात्याचे नाव व पासवर्ड लागले, तर तो ग्राहकाच्या खर्चाने जगभर फोन करू शकतो. परदेशी फोन करावयाचे नसतील, तर आयएसडी सुविधा बंद ठेवण्याविषयी कंपनीस लेखी कळवावे.

‘तुमच्या घरच्या इंटरनेटवर आमचे एक यंत्र ठेवू द्या, दरमहा भाडे मिळेल’ असे सांगणाऱ्यांपासून दूर राहावे. परदेशातून इंटरनेटवर आलेले फोन स्थानिक क्रमांकावरून आल्याचे भासविण्यासाठी अशी यंत्रे वापरली जातात. परवान्याविना दूरसंचार सेवा देणे हा दूरसंचार अधिनियम, २०२३ अन्वये तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा दोन कोटी रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशा शिक्षेचा गुन्हा आहे. आणि यंत्र ज्याच्या घरी सापडते, त्याच्याकडेच पोलीस प्रथम येतात.

संचाच्या पडद्यावर उमटणारा क्रमांक हा ओळखीचा पुरावा नव्हे. इंटरनेट तंत्रात तो खोटा दाखविणे शक्य असते, म्हणूनच परदेशातून भारतीय क्रमांकाचे सोंग घेऊन येणारे फोन अडविणारी यंत्रणा केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू केली. बँका व वित्तसंस्थांच्या सेवाविषयक फोनसाठी १६०० या आकड्यांनी सुरू होणारी मालिका राखून ठेवलेली आहे. तरीही पलीकडचा माणूस ओटीपी, पिन किंवा कार्डाच्या पाठीवरील तीन आकडे विचारू लागला, की क्रमांक कोणताही असो, रिसीव्हर ठेवून द्यावा. पैसे गेलेच असतील, तर १९३० वर तत्काळ कळवावे.

राहता राहिला क्रमांकाचा प्रश्न. मोबाइलचा क्रमांक कायम ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभरात २० जानेवारी २०११ पासून आहे; स्थिर दूरध्वनीला ती नाही. त्याच कंपनीकडे फायबर घेतल्यास जुना क्रमांक राहील का, हे अर्ज करण्यापूर्वीच विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे. क्रमांक बदलत असेल, तर जुनी जोडणी महिनाभर तरी चालू ठेवून सर्वत्र नवा क्रमांक कळवावा. बँकेत बचत खात्याखेरीज लॉकर, डीमॅट, मुदत ठेवी आणि निवृत्तिवेतनाच्या नोंदींतही तोच जुना क्रमांक असू शकतो. एका ठिकाणी बदलला म्हणून दुसरीकडे आपोआप बदलेलच असे नाही. विशेषतः लॉकरच्या बाबतीत काही अडचण उद्भवल्यास शाखा नोंदीतील क्रमांकावरच संपर्क साधते.

जुनी जोडणी बंद करताना अनामत रकमेची मूळ पावती शोधून अर्जाला तिची छायाप्रत जोडावी. अनामत परत मिळण्यासाठी सध्याच्या खात्याचा क्रमांक व शाखेचा आयएफएससी द्यावा. अनेकांच्या बाबतीत दूरध्वनी कंपनीकडे नोंदलेले खाते केव्हाच बंद झालेले असते. जोडणी दिवंगत पतीच्या किंवा वडिलांच्या नावावर असेल, तर आधी नावबदल आणि नंतर समर्पण, या क्रमाने जावे. जुने देयक खात्यातून परस्पर वळते होत असल्यास तो आदेश शाखेत अर्ज देऊन अथवा नेट बँकिंगमधून रद्द करावा, मात्र शेवटचे देयक भरल्यानंतरच.